साडेनऊ लाखांचं कोटेशन आणि चातुर्मासातले हप्ते

प्रश्न : मी ३१ वर्षांचा, चिपळूणला लग्न-समारंभांचं व्हिडिओ शूटिंग करतो. वर्षाला साधारण २४ लग्नं, सरासरी ५५,००० रुपये. मदतनीस, ड्रोनवाला, एडिटर, प्रवास, गाळ्याचं भाडं जाऊन एका लग्नामागे २६,००० उरतात. घरखर्च महिना ३२,०००. चालू खात्यात २,१०,००० आणि एफडी अडीच लाखांची. सध्या पॅनासॉनिक जीएच५ कॅमेऱ्याच्या दोन बॉडी (लेन्सशिवायचे कॅमेरे) आहेत. मुंबईचा एक वेडिंग प्लॅनर गुहागर-गणपतीपुळ्याच्या डेस्टिनेशन लग्नांसाठी वर्षाला आठ कामं देतो म्हणतो. दोन दिवसांचं एक काम. सोनी एफएक्स३ स्वतःचा असेल तर दिवसाला १५,०००, नाहीतर त्यांच्या कॅमेऱ्यावर नुसता ऑपरेटर म्हणून ८,०००. डीलरचं कोटेशन ९,५०,००० चं आहे : दोन एफएक्स३ बॉडी ६,८०,०००, दोन लेन्स १,९५,०००, गिंबल (हातातला कॅमेरा स्थिर ठेवणारं उपकरण) ४८,०००, एलईडी लाइट २७,०००. सात लाख कर्ज आणि बाकी एफडी मोडून घ्यावं का? डीलर म्हणतो, जीएसटी नंबर काढलात तर बरेच पैसे परत मिळतील.

उत्तर : एक बॉडी घ्या, दुसरी नको, आणि एफडीला हात लावू नका. आता हिशेब.

सात लाख १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता येतो २३,९२४ रुपये, म्हणजे वर्षाला २,८७,०००. तुमची आजची वर्षाची शिल्लक ६,२४,००० वजा ३,८४,०००, म्हणजे २,४०,०००. प्लॅनरची कामं आली नाहीत, तर पहिल्याच वर्षी ४७,००० कमी पडतात. शिवाय एफडी मोडलेली असणार.

दुसरी अडचण महिन्यांची आहे. हप्ता बारा महिने कापला जातो, तुमची कमाई मात्र तुळशीच्या लग्नापासून जूनपर्यंतची. आषाढीनंतर चातुर्मास. हल्ली गौण मुहूर्तांवर लग्नं लागतात हे खरं, पण कोकणातल्या पावसात कुणी मोठा मांडव घालत नाही. २०२६ मध्ये तर अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आला, म्हणजे ऐन सीझनचा महिना गेला. कर्ज घेण्याआधी पुढच्या तीन वर्षांचं पंचांग उघडून मुहूर्त मोजा. बँक ते मोजत नाही.

दुसरी बॉडी कशासाठी, याचं उत्तर तुमच्या पत्रात सापडत नाही. प्लॅनर एका कॅमेऱ्याचे पैसे देतोय. दुसऱ्या बॉडीमुळे त्याच्याकडून एक रुपयाही वाढत नाही. स्वतःच्या लग्नात मांडवासमोर ट्रायपॉडवर लावलेल्या वाइड कॅमेऱ्याला जीएच५ आजही पुरतो. त्याचा ऑटोफोकस डळमळतो तो हलत्या माणसामागे जाताना, आणि कमी उजेडात तो दाणे दाखवतो. स्थिर फ्रेमला, दिवे लावलेल्या स्टेजवर, ही दोन्ही दुखणी फारशी जाणवत नाहीत. तेव्हा जीएच५ वाइडला आणि एफएक्स३ हातात, असं काम चालेल. दोन्हींवर सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० आणि व्हाइट बॅलन्स केल्व्हिनमध्ये एकच ठेवा. रंग जुळवायला एडिटरचा थोडा वेळ जास्त जाईल, तो ३,४०,००० पेक्षा स्वस्त आहे.

मग पहिली बॉडी तरी विकत का, भाड्याने का नाही? मोठ्या शहरात राहणाऱ्याला मी भाड्यानेच घ्या म्हटलं असतं. तुमचा हिशेब वेगळा पडतो. पुण्याहून बॉडी ३,२०० आणि लेन्स १,२०० रोज अशी धरली, तरी दोन दिवसांच्या लग्नाला आणण्या-पोचवण्यासकट चार दिवसांचं भाडं बसतं : १७,६००. पुण्याची फेरी २,०००. प्लॅनरच्या ३०,००० मधून हातात राहतात १०,४००. नुसतं ऑपरेटर म्हणून गेलात तर १६,००० मिळतात! म्हणजे भाड्याचा कॅमेरा नेण्यापेक्षा रिकाम्या हाताने जाणं परवडतं.

स्वतःचा कॅमेरा असला तर एका कामामागे १४,००० जास्त, आठ कामांचे १,१२,०००. समोर खर्च ठेवा. बॉडी ३,४०,००० आणि २४-७० एफ२.८ लेन्स १,०५,०००, एकूण ४,४५,०००. तीन वर्षांनी बॉडीला ४५ टक्के आणि लेन्सला ६० टक्के भाव येईल असं मी धरलंय. एफएक्स३ २०२१ चं मॉडेल आहे, नवं आलं की जुन्याचा भाव पडतो, म्हणून बॉडीला हात आखडता. लेन्स भाव टिकवून धरतात. तर घसारा वर्षाला ७६,३००. कर्ज ३,८०,००० घेतलंत तर व्याज सरासरी २९,२००. विमा किमतीच्या दोन टक्के धरून ८,९००, साफसफाई-दुरुस्तीला ६,०००. बेरीज १,२०,४००. आठ कामांत ८,४०० कमी पडतात, नवव्या कामाला बरोबरी होते. उरलेलं अंतर तुमच्या २४ लग्नांतून काढायचं, प्रत्येकी ३५० रुपये. हे जमण्यासारखं आहे. दोन बॉडींना जमत नाही.

पण हा सगळा डोलारा प्लॅनरच्या तोंडी शब्दावर उभा आहे. त्याच्याकडून साध्या ई-मेलवर तरी तीन गोष्टी घ्या : सीझनला किमान किती दिवस, तारीख ठरताच किती आगाऊ (तिसरा हिस्सा तरी), आणि तारीख रद्द झाली तर आगाऊ परत नाही. तीन तारखांची आगाऊ रक्कम खात्यात आल्याशिवाय डीलरला टोकन देऊ नका. ‘ऑफर संपेल’ म्हणेल. म्हणू दे.

आता कोटेशनमध्ये जे नाही त्याबद्दल, कारण लग्नाचं काम बिघडतं ते तिथे. साडेनऊ लाखांत ना एक माइक आहे, ना एक कार्ड, ना एक हार्ड डिस्क.

आवाज आधी. मंगलाष्टकांचा आवाज तुम्ही बहुधा साउंडवाल्याच्या मिक्सरमधून घेता. मिक्सरचा आउट लाइन लेव्हलचा असतो, माइकच्या मानाने शेकडो पट दणकट. एफएक्स३ च्या हँडलवर दोन एक्सएलआर (व्यावसायिक माइकच्या तीन पिनांच्या केबलचे) इनपुट आहेत आणि प्रत्येकाला लाइन, माइक, माइक+४८व्ही असा खटका. तो चुकून माइकवर राहिला तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट जुळत नाही. माइक+४८व्ही वर राहिला तर माइकला वीज पुरवण्यासाठीचे ४८ व्होल्ट मिक्सरच्या दिशेने जातात, ते वेगळंच. खटका लाइनवर ठेवून त्यावर चिकटपट्टी मारा. हॉलच्या आणि तुमच्या वीजजोडणीत फरक असला की घुंई ऐकू येते, त्याला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो, तो बॅगेत असू द्या. भटजींच्या किंवा नवऱ्या मुलाच्या कपड्यावर लावायचा वायरलेस माइक २.४ गिगाहर्ट्झवर चालत असेल, तर चारशे पाहुण्यांचे फोन आणि हॉलचा वायफाय त्याच पट्ट्यात असतात. रेंज तुटणारच. म्हणून ट्रान्समीटरमध्येच ३२-बिट फ्लोट रेकॉर्डिंग (मोठा आवाजही सहसा न फाटता नोंदवणारं) होणारा सेट घ्या. हवेतला सिग्नल गेला तरी खिशातली फाइल राहते.

पुढचं साठवण. ४के २५ फ्रेम, १०-बिट ४:२:२ एक्सएव्हीसी एस (सोनीचा रेकॉर्डिंगचा प्रकार) १४० एमबीपीएसने (सेकंदाला १४० मेगाबिट) लिहिलं जातं, म्हणजे तासाला ६३ जीबी. १२८ जीबीच्या कार्डात दोन तास. सगळे कॅमेरे मिळून एका लग्नाचं आठ तास फूटेज धरलं, तर ५०० जीबी. आठ टीबीच्या दोन डिस्क घेऊन एकीची प्रत दुसरीवर ठेवलीत तर जेमतेम सोळा लग्नं मावतात, चोवीस नाहीत. म्हणून करारात लिहा : फायनल दिल्यानंतर ९० दिवसांनी कच्चं फूटेज पुसलं जाईल. हे वाक्य तुम्हाला दर वर्षी दोन डिस्क वाचवतं. इंट्रा कोडेकच्या (प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवणाऱ्या प्रकाराच्या) मोहात पडू नका. तो २५ फ्रेमला २५० एमबीपीएस खातो, तासाला ११२ जीबी, आणि लग्नाच्या फिल्ममध्ये फरक कुणाला दिसत नाही. ५० फ्रेमला तोच ५०० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६२.५ एमबी. व्ही६० कार्डाची लिहिण्याच्या वेगाची हमी सेकंदाला ६० एमबीची, म्हणून मग महागडं व्ही९० घ्यावं लागतं. तुम्हाला व्ही६० ची चार कार्डं पुरेत, दोन्ही स्लॉटमध्ये एकाच वेळी रेकॉर्डिंग लावून.

किनाऱ्यावरच्या लग्नांसाठी आणखी एक. एफएक्स३ ला आतला एनडी (उजेड कमी करणारा फिल्टर) नाही. एस-लॉग३ चा (नंतर रंग सुधारायला सोयीच्या फिक्या रेकॉर्डिंगचा) बेस आयएसओ, म्हणजे उजेडाची मूळ संवेदनशीलता, ८००, शटर १/५०, वर गुहागरचं ऊन : एफ२.८ वर फ्रेम पांढरीफटक. ८२ मिमीचा चांगला व्हेरिएबल एनडी हवाच. बॅटरी सलग शूटिंगला दोन तास धरा, सोबत एकच येते, तीन वाढवा.

माइक सेट, रेकॉर्डर, केबल, डिस्क, कार्डं, बॅटऱ्या, एनडी आणि ड्राय कॅबिनेट मिळून १,४५,००० बाजूला काढा. कॅबिनेट कोकणात चैन नाही. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवली नाही तर एका पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशीचे तंतू धरतात, आणि तसल्या लेन्सला ६० टक्के सोडा, कुणी विचारतही नाही. मी जो लेन्सचा भाव धरलाय तो या ११,००० च्या कपाटावर अवलंबून आहे.

विम्याचं थोडं बारकाईने. दुकानाच्या आग-चोरीच्या पॉलिसीत सामान गाळ्यात असतानाच सुरक्षित असतं, मांडवात नाही. ‘ऑल रिस्क’ प्रकारची, भारतभर लागू होणारी पॉलिसी मागा, सिरियल नंबर यादीत घाला, पूर नावानिशी आहे का बघा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी कुठवर आलं होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. गाळा तळमजल्यावर असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये कॅमेरा घरी वर. राखण नसलेल्या गाडीतून झालेली चोरी अनेक पॉलिसी नाकारतात, आणि मित्राला भाड्याने दिलेला कॅमेराही सहसा कव्हरमध्ये नसतो.

जीएसटीचा डीलरचा सल्ला सोडून द्या. ३,४०,००० मध्ये कर ५१,८६४ आहे. तो परत मिळवायला नोंदणी केलीत की प्रत्येक बिलावर १८ टक्के लावायचे. तुमचं गिऱ्हाईक घरगुती, त्याला त्याची वजावट नाही. १३,२०,००० वर १८ टक्के म्हणजे २,३७,६००, दर वर्षी. गिऱ्हाइकाने वर दिले नाहीत तर तुमच्या खिशातून. प्लॅनरची कामं धरूनही उलाढाल १५,६०,००० होते, सेवांसाठीची मर्यादा २० लाख आहे.

‘कर्ज काढलं की इन्कम टॅक्स वाचतो’ हेही तुमच्या बाबतीत खोटं. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सवलतीमुळे कर शून्य, वाचवायचं काय? विवरणपत्र मात्र खऱ्या नफ्याचं भरा. अनुमानित योजनेत उलाढालीच्या ६-८ टक्के नफा दाखवून मोकळं होणाऱ्यांचं उत्पन्न कागदावर लाखभर दिसतं, मग बँक कर्जाला नाही म्हणते.

कर्ज मुद्रा योजनेतल्या ‘किशोर’ गटातून मागा : ५०,००० ते ५ लाख, तारणाशिवाय. ३,८०,००० ला हप्ता १२,९८७. चालू खात्यातले ६५,००० बॉडी-लेन्सचं मार्जिन (कर्जाबाहेरचा स्वतःचा हिस्सा), १,४५,००० वरच्या सामानाला, खातं रिकामं. एफडी राहील ती पावसाळ्यासाठी : घरखर्च, हप्ता आणि गाळ्याचं भाडं मिळून पाच महिन्यांना जवळपास अडीच लाखच लागतात. व्याजदर बदलता घ्या. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या अशा व्यावसायिक कर्जावर बँकेला व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचं शुल्क घेता येत नाही, म्हणजे मे महिन्यात हात सैल असताना लाखभर भरून टाकता येतील. डीलरची ‘नो कॉस्ट ईएमआय’ बघायचीच असेल तर एकरकमी रोख भाव आधी लिहून घ्या. जी सूट तिथे मिळत नाही तेच व्याज, वर प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी.

बिल तुमच्या नावाचं, भारतातल्या वॉरंटीचं, सिरियल नंबरसकट. बिलाशिवायचा माल ३०-४० हजारांनी स्वस्त मिळतो, पण त्यावर ना कर्ज, ना विमा, ना सर्व्हिस सेंटरचं दार.

गिंबल आणि लाइट यंदा नकोत. जीएच५ पैकी एक बॉडी आणि तिच्या जास्तीच्या लेन्स विकता येतील, त्या लेन्स सोनीच्या माउंटवर बसत नाहीतच. पण सीझनचे पहिले दोन महिने ती राखीव राहू द्या. नव्या कॅमेऱ्याचे मेनू हातात बसायला तेवढा वेळ लागतो, आणि लग्नात रीटेक नसतो. विक्री जानेवारीत करा, येतील ते पैसे थेट कर्जात भरा.