अमेरिकन मरीन्समध्ये सगळ्यात जास्त पदकं कोणाला मिळाली? त्याच्या करिअरबद्दल कोणी सांगेल का?

नुसता आकडाच हवा असेल तर चेस्टी पुलर. नेव्ही क्रॉस हे मोठं शौर्यपदक, तशी पाच आहेत त्याच्या नावावर, आणि गंमत म्हणजे सगळ्यात वरचं मेडल ऑफ ऑनर मात्र त्याला कधीच मिळालं नाही. पण करिअर विचारताय तर मी पुलरच्या बटालियनमधल्या एका सार्जंटबद्दल सांगतो, मला तो जास्त भारी वाटतो. जॉन बॅसिलोन.

(मरीन म्हणजे आपल्या मार्कोससारखे नौदलाचे मोजके कमांडो नव्हेत बरं का, तिकडे ते अख्खं वेगळं दल आहे.)

न्यू जर्सीतल्या रॅरिटन गावचा, इटालियन शिंप्याचा पोरगा, घरात दहा भावंडं. शाळा आठवीनंतर बंद, मग गोल्फ कोर्सवर लोकांच्या बॅगा उचलल्या. नंतर आर्मीत गेला, फिलिपिन्सला राहून आला, तिथून 'मनिला जॉन' हे नाव चिकटलं ते कायमचं. घरी येऊन ट्रक चालवला, पण मन रमेना, १९४० मध्ये मरीन्समध्ये भरती.

ऑक्टोबर १९४२, दुसरं महायुद्ध, पॅसिफिकमधलं ग्वाडालकॅनाल बेट. विमानाची धावपट्टी घ्यायला जपान्यांनी रात्री लाटेमागून लाट पाठवली आणि बॅसिलोनकडे होत्या मशीनगनच्या दोन तुकड्या. एका बाजूच्या गन बंद पडल्या तर हा पठ्ठ्या दुसरी गन उचलून तिथे घेऊन गेला, एक बिघडलेली तिथेच गोळीबारात बसून दुरुस्त केली, आणि गोळ्या संपत आल्यावर, मागे शत्रू घुसलेला असताना, त्यांच्यातून वाट काढत जाऊन गोळ्यांचे पट्टे आणले. मिळालं मेडल ऑफ ऑनर. त्या रात्री त्याने एकट्याने किती मारले याचे आकडे नेटवर फिरतात, त्यात मी पडत नाही, अंधारात मोजायला कोण बसलं होतं?

खरी गोष्ट पुढे आहे. सरकारने १९४३ मध्ये त्याला घरी आणलं आणि युद्धाचे बाँड (सरकारी कर्जरोखे) खपवायला गावोगावी फिरवलं, सोबत हॉलिवूडचे नट-नट्या, रॅरिटनला तर हजारो लोक जमले. दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. हा वैतागला. अधिकारी हो म्हणाले, नको. इन्स्ट्रक्टर हो म्हणाले, तेही नको. मला परत पाठवा हा एकच धोशा, आधी नकार आला, मग शेवटी सोडला. कॅलिफोर्नियात कॅम्प पेंडलटनला ट्रेनिंग चालू असताना तिथल्याच लीना रिग्गीशी, तीही मरीन सार्जंट, जुलै १९४४ मध्ये लग्न केलं आणि लवकरच तो निघाला.

१९ फेब्रुवारी १९४५, जपानचं इवो जिमा बेट, लढाईचा पहिलाच दिवस. काळ्या वाळूत माणसं अडकून पडलेली. याने एक काँक्रीटचं ठाणं उडवलं, मग पेरलेल्या भूसुरुंगांत अडकलेल्या आपल्या रणगाड्याला गोळीबारात वाट दाखवत बाहेर काढलं, आणि थोड्याच वेळात धावपट्टीच्या कडेला मारला गेला. वय २८. मरणोत्तर नेव्ही क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात मेडल ऑफ ऑनर आणि नेव्ही क्रॉस दोन्ही मिळालेला, अधिकारी नसलेला मरीन हा एकटाच.

लीनाने पुन्हा लग्न केलं नाही, ती १९९९ मध्ये गेली. रॅरिटनमध्ये १९८१ पासून त्याच्या नावाने दर सप्टेंबरला परेड निघते, तिकडे कोणी राहत असाल तर बघून या.