नकाशावरची पेन्सिलची रेघ

‘वय वाढत गेलं तसं स्वप्न लहान होत गेलं. म्हणजे मी हरलो का?’ पन्नाशी-साठीतली माणसं हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्यासारख्या समुपदेशकाकडे घेऊन येतात. कुणाला मोठा नट व्हायचं होतं आणि गाठ पडली ती गावच्या जत्रेतल्या नाटकाशी. कुणाची पीएचडी राहिली. पणजीतल्या माझ्या खोलीत आलेल्या एका काकांचं स्वप्न शिडाच्या होडीचं होतं. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवीतून समुद्राचा नकाशा काढला आणि टेबलावर पसरला. घड्यांवर कागद विरला होता, मागून चिकटपट्टी लावली होती. गोव्याहून निघालेली पेन्सिलची रेघ फ्रीमँटल, लिटलटन, केप हॉर्नला वळसा, पोर्ट स्टॅन्ली, केपटाऊन करत जगाची फेरी पुरी करून परत गोव्याला आली होती. काका म्हणाले, ‘ही रेघ २०१० सालची.’

त्या वर्षी १९ मे रोजी कमांडर दिलीप दोंदे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ‘म्हादेई’ ही शिडाची होडी इथल्याच दिवाडी बेटावर बांधलेली. आपल्या नदीकाठची होडी जगाला फेरी मारून येते, हे काकांच्या मनात घर करून बसलं. त्यांनी एक जुनी सव्वीस फुटी होडी घेतली आणि मांडवीकाठच्या वेऱ्याला नांगरली. खनिजाच्या बार्जांची इंजिनं दुरुस्त करायचा त्यांचा कारखाना तेव्हा जोरात होता. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, बार्ज काठाला लागल्या, कामगारांचे पगार भागवता भागवता होडीचा पैसा संपला. मग ठरलं, जगाची फेरी नको, लक्षद्वीप करू. पुढे गुडघा दुखू लागला, लक्षद्वीपचं मालवण झालं. आता ते मांडवीच्या मुखाजवळच्या आग्वादच्या टोकापर्यंत जातात आणि परत येतात.

‘चहाच्या गाड्यावर लोक विचारतात, कधी निघताय? मी आता त्या वाटेने जातच नाही.’

माझ्याकडून इथे एक चूक झाली. मला वाटलं, माणसाची उमेद खचली आहे, ती परत आणायला हवी. मी त्यांना मालवणची तयारी कागदावर मांडायला सांगितली. पुढच्या भेटीला ते कोरा कागद घेऊन आले आणि मान खाली घालून बसले. त्यांच्यावर आणखी एक न झालेलं काम मी लादलं होतं.

तिसऱ्या भेटीला काकी सोबत होत्या. त्या म्हणाल्या, ‘रात्री वारा सुटला की हे उठून गॅलरीत उभे राहतात. नांगर सरकला असेल का, हाच घोर. घरात कोठीची खोली सगळी सामानाने भरलीय.’ त्या सामानात एक वादळी शीड होतं, पिशवीतून कधी बाहेरच न काढलेलं. एक जीवरक्षक तराफाही होता, त्याची तपासणीची मुदत कधीच उलटून गेलेली.

मी विचारलं, ‘काका, गेल्या वर्षभरात होडीवर घड्याळ बघायचं विसरलात, असं कधी झालं?’

ते बराच वेळ गप्प राहिले. मग हात हलवून दाखवू लागले. नदीच्या मुखाबाहेर पडलं की शीड चढवायचं. ते आधी फडफडतं, मग वारा धरतं. होडी एका अंगाला कलली की इंजिन बंद करायचं. ‘तो आवाज थांबतो ना, त्याच क्षणी. मग नुसतं पाणी ऐकू येतं.’ काकी त्यांच्याकडे बघत राहिल्या. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी हे ऐकलं नव्हतं.

‘हे करायला वेऱ्याहून किती वेळ लागतो?’

‘अर्धा-पाऊण तास.’

मला वाटतं, गाठ इथे सुटली. काकांची माया पाण्यावर होती आणि दुःख नकाशाचं होतं. नकाशा त्यांनी चारचौघांत उलगडला होता, म्हणून ते दुःख जास्त बोचत होतं. कार्स्टन व्रॉश, मायकेल शायर या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली असाध्य ध्येयांवर अभ्यास प्रसिद्ध केला. जी माणसं असं ध्येय सोडू शकतात आणि दुसऱ्या मनाजोगत्या गोष्टीत जीव गुंतवू शकतात, ती जास्त समाधानी असतात, असं त्यांना दिसलं. यातला दुसरा भाग लोक विसरतात. नुसतं सोडलं की पोकळी उरते. आणि सोडताना रडू आलं तर येऊ द्यावं. काका रडले. पंधरा वर्षं सोबत असलेली गोष्ट होती ती.

एक सावधगिरी मात्र सांगते. होडीबरोबर जेवणातली चव, झोप, नातवंडांची गंमत असं सगळंच दोन आठवड्यांहून जास्त काळ फिकं पडलं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. तेव्हा डॉक्टरांना भेटा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. काकांचं तसं नव्हतं. तेच पाहायला मी त्यांना आधी झोप आणि भूक विचारली होती.

तराफा त्यांनी काढून टाकला. वादळी शीड ठेवलं. नकाशाही ठेवला, रेघ पुसली नाही. मी पुसायला सांगितलंही नाही.

जूनमध्ये त्यांचा फोन आला. होडी काठावर ओढून, विणलेल्या झावळ्यांनी शाकारून ठेवली होती. तळ खरवडायला नात येते म्हणाले, तिला गाठी शिकवतोय. चहाच्या गाड्यावर परत जायला लागले होते. तिथे कुणीतरी नेहमीचा प्रश्न विचारलाच.

‘मग काय म्हणालात?’

‘म्हटलं, नारळी पुनव झाली की निघतो. आग्वादपर्यंत. येतोस?’