पाच वर्षांचा मुलगा कुणी काही दिलं तरी थँक्यू म्हणत नाही. त्याला कृतज्ञता कशी शिकवावी?

नसेल म्हणत. जेवण झाल्यावर तुम्ही कधी आईचे आभार मानलेत? मानून बघा, "मी काय परकी आहे का?" म्हणून वर ऐकून घ्याल.

माझ्या मुलाच्या पाचव्या वाढदिवसाला मोठ्या जाऊबाईंनी सायकल आणली. हा पठ्ठ्या टांग टाकून थेट पार्किंगमध्ये. "काय म्हणायचं असतं?" असं त्यांनी तीनदा विचारलं, आणि मग केक संपेपर्यंत पाहुण्यांना "वळणच नाही" ऐकवलं. ते अजून डोक्यात आहे, म्हणून हे उत्तर.

त्याच वर्षी पोळ्याला माहेरी गेलो, यवतमाळकडे. आदल्या संध्याकाळी खांद शेकतात. बाबांनी नातवाच्या हाती पळसाचं पान दिलं. ते हळद-तुपात बुडवून ढवळ्या बैलाच्या खांद्यावर फिरवायचं. पेरणी, मग डवरणी (पिकाच्या ओळींमधलं तण काढणं), सगळा हंगाम जू तिथेच असतं. कातडी घट्टे पडून टणक झालेली. पोराने बोट लावून विचारलं, "दुखतं का याला?" बाबा म्हणाले, "दुखत असन. तू वरण खातं ना, थे तूर यानंच पेरली." मग सालगड्याने बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन दिलं.

दुसऱ्या दिवशी पोळा फुटून, म्हणजे गावात एकत्र जमलेले बैल सुटून, घरी येईपर्यंत पुरणपोळी कुणालाच नाही. पोरगा भुकेने रडला. आई विरघळली, बाबा नाही. खरं सांगते, तेव्हा मलाही बाबांचा राग आला होता.

पुण्याला परतून तो संत वगैरे झाला नाही. ताट अजून तसंच टाकून उठतो. पण वरण वाढलं की "ढवळ्याचं" म्हणतो, आणि हे त्याला कुणी वदवून घेतलेलं नाही. थँक्यू तर पोपटही म्हणतो. आपल्या ताटात आलेल्या वस्तूमागे कुणाचा खांदा घासलाय ते मुलाला दाखवा, हात लावू द्या.

हां, स्कूलबसचे काका, वॉचमन यांना थँक्यू म्हणायला मीही लावते. बाहेरच्यांचं वेगळं. आणि बाबांकडे नांगरणी आता ट्रॅक्टरनेच होते, ती जोडी पेरणी-डवरणीपुरतीच उरलीय, हेही सांगायला हवं. गाव नसेल तर काय करायचं, ते मला विचारू नका.

सायकल मात्र त्याने गुडघे हँडलला लागेपर्यंत चालवली. जाऊबाईंनी ते पाहिलंय. त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत.