इंग्रजी आकडे शंभरपर्यंत पाठ आहेत, पण कुणी मधलाच बोलला की कळत नाही. काय करावं?

घोळ त्या पाठांतरातच आहे. ओळीने घोकलेलं ओळीनेच आठवतं. मधूनच कुणी 'फॉर्टी सेव्हन' म्हटलं की माणूस मनात पुन्हा वनपासून धावत सुटतो.

माझ्या आईने साठी उलटल्यावर हे शिकायला घेतलं. दवाखान्यात नंबर इंग्रजीत पुकारायचे आणि दर वेळी शेजारच्याला विचारायचं तिला जिवावर यायचं. वहिनी शिक्षिका. तिने चाररेघी वही आणली आणि थेट स्पेलिंगपासून सुरुवात. ई-एल-ई-व्ही-ई-एन इलेव्हन! आईने वही भरली, अक्षर तर माझ्यापेक्षा देखणं. आणि दवाखान्यात नंबर हुकला तो हुकलाच. हातात ६९ची चिठ्ठी होती. आपल्याकडे तो एकोणसत्तर, त्यामुळे बाईसाहेब कान टवकारून 'सेव्हन्टी'ची वाट बघतायत आणि तिकडे 'सिक्स्टी नाइन' दोनदा पुकारून झालेलं. वहिनी म्हणाली, सराव कमी पडला. मी म्हटलं, सराव भरपूर झाला, शिकवणंच उलटं आहे. त्यावरून घरात जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

बावीसमध्ये आपण दोन आधी बोलतो, वीस नंतर. १९ पासून ८९ पर्यंतचा प्रत्येक नऊवाला आकडा तर पुढच्या दशकाचं नाव लावून बसलेला. इंग्रजीत वीसच्या पुढे लिहिलंय तसं डावीकडून वाचायचं, संपलं. म्हणून ऐकलेल्याचं मनात मराठी करत बसू नका, आकडा डोळ्यांपुढे आणा. सिक्स्टी ऐकलं की ६ दिसला पाहिजे, नाइन ऐकलं की त्याच्या शेजारी ९.

आईसाठी मी चिठ्ठ्यांवर आकडे लिहिले, पिसून पसरले. मी बोलायचो, ती उचलायची. नंतर ती बोलायची, मी उचलायचो. वहिनी जाता-येता म्हणायची, "भातुकली चाललीय." चालू दे. पुढच्या खेपेला आई पुकारा होताच उठली आणि शेजारच्या आजोबांचाही नंबर त्यांना सांगून आली.

पाठ करायचं तसं थोडंच आहे. वन ते ट्वेन्टी आणि थर्टी ते नाइन्टीपर्यंतची दशकं, असे २७ शब्द आले की नव्व्याण्णवपर्यंत निभतं. मराठीत तुम्ही जवळजवळ शंभर वेगवेगळे पाठ केलेत, तेव्हा स्मरणशक्तीला नावं ठेवू नका.

थर्टीन-थर्टीचं म्हणाल तर 'टीन' लांबवतात आणि जोर त्यावर देतात, थर्टीत जोर आधीच पडतो. पण भराभर मोजताना बोलणारे थर्टीनमध्येही जोर आधीच्या 'थर'वरच देतात, तेव्हा कानावर विसंबू नका. सरळ विचारा, "वन-थ्री की थ्री-झीरो?" पैशाचा मामला असेल तर विचाराच.

आणि हो, परीक्षा किंवा चेक लिहिणं असेल तर स्पेलिंग लागतंच. फोरमध्ये यू आहे, फॉर्टीत नाही. नाइन्टीत ई राहतो, नाइन्थमध्ये जातो. एवढ्यापुरतं वहिनीचं बरोबर, पण ते नंतर. आणि हे तिला सांगणारा मी नाही.