ईसीजीचे वाचन : नाव देण्याआधी मोजमाप

प्रश्न : मी वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या अंतिम वर्षात आहे. ईसीजीच्या, म्हणजे हृदयाच्या विद्युत आलेखाच्या, पुस्तकांतली चित्रे मी इतक्या वेळा पाहिली आहेत की पान उघडताच निदान सांगता येते. पण वॉर्डात खरा कागद हाती आला की काहीच सुचत नाही. माझे नेमके कुठे चुकते आहे?

उत्तर : तुम्ही ईसीजी ओळखायला शिकला आहात, वाचायला अजून शिकायचे आहे. पुस्तकातली चित्रे निवडून, स्वच्छ करून, एका आजाराचे एक अशी छापलेली असतात. रुग्णाच्या कागदावर मात्र जुना बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयातल्या विद्युत वाटेच्या एका फांदीतला अडथळा) असतो, त्यावर पोटॅशियम वाढल्याच्या खुणा चढलेल्या असतात आणि रुग्ण कुडकुडत असेल तर बेसलाइन, म्हणजे लहरींमधली सपाट रेषासुद्धा, थरथरत असते. अशा वेळी पाठ केलेले चित्र शोधत बसलात, तर ते सापडत नाही किंवा, त्याहून वाईट म्हणजे, नसलेल्या ठिकाणी सापडते.

माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिले काही महिने निदानाचा एकही शब्द वापरू देत नाही. कागदावर जे दिसते आणि मोजता येते, तेवढेच त्यांनी लिहायचे. नेहमीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला २५ मिलिमीटर, कागद सरकत असेल तर एक लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि पाच लहान चौकोनांचा एक मोठा चौकोन ०.२० सेकंदाचा असतो. दोन लागोपाठच्या आर शिखरांमध्ये, म्हणजे ठोक्यांच्या उंच टोकांमध्ये, किती मोठे चौकोन आहेत ते मोजून ३०० ला त्या संख्येने भागले की मिनिटाचे ठोके मिळतात. ठोके अनियमित असतील तर हा हिशेब फसवतो. तेव्हा दहा सेकंदांच्या पट्टीतले सगळे क्यूआरएस, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या टोकदार लहरी, मोजून सहाने गुणावे.

आता एक कागद जवळून पाहू. धडधडीची तक्रार असलेल्या रुग्णाचा ईसीजी आहे. क्यूआरएस अरुंद आहेत आणि ठोके अगदी नियमित आहेत. दोन आर शिखरांमधले अंतर बरोबर दोन मोठे चौकोन, म्हणजे वेग १५०. प्रत्येक क्यूआरएसच्या आधी एक लहर दिसते, म्हणून चित्रे पाठ केलेला विद्यार्थी ‘सायनस टॅकिकार्डिया’ (हृदयाची नेहमीचीच लय, फक्त वेगवान) म्हणून मोकळा होतो. मोजणारा विद्यार्थी तिथे थांबतो आणि कंपासपेटीतला कर्कटक काढतो. लीड दोनमधल्या (लीड म्हणजे हृदयाकडे एका ठरावीक दिशेने पाहणारा आलेख) त्या लहरीवर तो एक टोक ठेवतो आणि दुसरे टोक आर ते आर अंतराच्या बरोबर निम्म्यावर नेतो. ते टोक जिथे पडते तिथे, क्यूआरएसच्या शेपटाला चिकटून, तशीच आणखी एक लहर अर्धवट डोकावत असते. म्हणजे वरचे कप्पे मिनिटाला ३०० वेळा धावत आहेत आणि त्यांतला प्रत्येक दुसराच ठोका खाली उतरतो आहे. हा एट्रियल फ्लटर आहे. कागद उलटा धरून पाहिला तर या लहरींचे करवतीसारखे दाते बऱ्याचदा अधिक ठळक दिसतात. मी हे आजही करतो आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. शंका उरली तर अर्ध्या तासाने पुन्हा पट्टी काढावी. सायनस लय ताप उतरला, वेदना कमी झाल्या की थोडी तरी हलते. फ्लटरचा १५० आकडा मात्र तिथेच अडून बसलेला असतो.

या उदाहरणात कोणतेही नवे चित्र लागले नाही. एक अंतर निम्मे करून पाहिले, एवढेच.

प्रश्न : मी परिचर्या अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी आहे. ईसीजी काढण्याचे काम आमच्याकडे असते, वाचण्याचे डॉक्टरांकडे. तरीही कागद देण्यापूर्वी मी काय पाहावे?

उत्तर : तुम्ही जे पाहाल त्यावर पुढचे सगळे वाचन उभे असते, म्हणून हे काम दुय्यम मानू नका. नाव, तारीख आणि वेळ पाहिल्यावर लगेच कॅलिब्रेशनची चौकोनी खूण पाहा. ती दहा मिलिमीटर उंच असेल तर एक मिलिव्होल्टला दहा मिलिमीटर हे नेहमीचे प्रमाण आहे. कोणी प्रमाण निम्मे करून ठेवले असेल तर जाड झालेले हृदयही कागदावर बारीक दिसते.

त्यानंतर लीड एक आणि एव्हीआर (उजव्या हाताच्या दिशेने पाहणारा लीड) या दोनच ठिकाणी नजर टाका. लीड एकमध्ये पी लहर (वरच्या कप्प्यांची) आणि क्यूआरएस दोन्ही खाली वळलेली असतील आणि एव्हीआरमध्ये ती वर उभी असतील, तर उजव्या आणि डाव्या हाताच्या वायरी बदललेल्या असण्याची शक्यता सर्वांत मोठी. हृदय जन्मतः उजवीकडे असलेल्या व्यक्तीतही लीड एक असेच दिसते. पण तिथे छातीवरच्या व्ही एक या लीडपासून व्ही सहापर्यंत जाताना आर शिखर वाढण्याऐवजी खुजे होत जाते, तर नुसत्या वायरी बदलल्या असतील तर छातीवरच्या लीड नेहमीसारख्याच राहतात. शिकाऊ काळात मी स्वतः अशा बदललेल्या वायरींच्या कागदावर एका रुग्णाला जुना हार्ट अटॅक बहाल केला होता. एका ज्येष्ठ सिस्टरनी काही न बोलता वायरी जागेवर लावल्या, दुसरा कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

छातीवरच्या जागा हाताने चाचपूनच ठरवा. व्ही एक आणि व्ही दोन चौथ्या बरगडीखालच्या फटीत, छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या आणि डाव्या कडेला लागतात. व्ही चार पाचव्या फटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली येणाऱ्या रेषेवर, आणि व्ही तीन हा व्ही दोन आणि व्ही चार यांच्या मधोमध. व्ही पाच आणि व्ही सहा हे व्ही चारच्याच आडव्या पातळीत, काखेच्या पुढच्या आणि मधल्या रेषेवर येतात. व्ही एक आणि व्ही दोन घाईत एकदोन फटी वर लावले जाणे ही फार सामान्य चूक आहे, आणि तिच्यामुळे छातीच्या लीडमध्ये नसलेला आजार उमटतो. हात थरथरणाऱ्या रुग्णाबद्दलही सावध राहा. पार्किन्सनचा कंप सेकंदाला चार ते सहा वेळा होतो, म्हणजे मिनिटाला साधारण ३००. वर सांगितलेल्या फ्लटरच्या दात्यांशी तो किती जुळतो ते तुमच्या लक्षात येईल. अशा वेळी हाताचे इलेक्ट्रोड खांद्याजवळ सरकवले आणि तसे कागदावर नोंदवले तर कंप बराच कमी होतो.

प्रश्न : लहरींची नावे ‘ए’पासून सुरू न होता ‘पी’पासून का सुरू होतात?

उत्तर : माणसाच्या हृदयाचा विद्युत आलेख ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये नोंदवला होता, पण त्यांचे केशनळीचे उपकरण संथ असल्यामुळे आलेख बोथट येत असे. डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोवेन यांनी गणिताने तो आलेख दुरुस्त केला. मूळ आलेखातल्या शिखरांना ए, बी, सी, डी ही अक्षरे आधीच दिलेली होती, म्हणून दुरुस्त आलेखासाठी त्यांनी वर्णमालेच्या उत्तरार्धातली पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे घेतली. पुढे त्यांनी तारेचा गॅल्व्हनोमीटर (सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजणारे यंत्र) बनवला आणि आधी गणिताने काढलेला आकार त्यावर थेट उमटला. १९२४ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळाले. रुग्णाचे हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ते नोंद घेत असत. आज आपण मनगटांना आणि घोट्यांना वायरी लावतो, त्यामागे ती भांडी आहेत.

प्रश्न : माझ्या ईसीजीवर यंत्रानेच ‘एसटी-टी बदल, इस्केमियाची शक्यता’ असे छापले आहे. मला काहीही त्रास नाही. मी घाबरावे का? आणि यंत्र ‘नॉर्मल’ म्हणाले असते तर निश्चिंत राहता आले असते का?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. एसटी-टी म्हणजे क्यूआरएसनंतरचा आलेखाचा भाग आणि इस्केमिया म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडणे. यंत्र अंतरे चांगली मोजते, पण तुमचे वय, तक्रार आणि पूर्वीचा कागद यांपैकी बहुतेक गोष्टी त्याला ठाऊक नसतात. व्ही एकमध्ये टी लहर खाली असणे पुष्कळ निरोगी लोकांत आढळते, लीड तीनमध्येही ते निरुपद्रवी असू शकते. तुमचा कागद डॉक्टरांनी स्वतः पाहणे आवश्यक आहे, आणि शक्य असेल तर शेजारी जुना कागद ठेवून. अनेक वर्षांपूर्वीच्या कागदावर तोच बदल तसाच असेल तर त्याचा अर्थ फार वेगळा होतो. म्हणून आपला एक ईसीजी, निरोगी असतानाचा, जपून ठेवावा असे मी सर्वांना सांगतो.

उलट बाजू अधिक गंभीर आहे. छातीत दुखत असताना काढलेला पहिला ईसीजी पूर्णपणे नॉर्मल असू शकतो आणि तरीही हार्ट अटॅक सुरू झालेला असू शकतो. म्हणून वेदना चालू असेल तर तो १५ ते ३० मिनिटांच्या अंतराने पुन्हा काढतात आणि रक्तातील ट्रोपोनिनही (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारे प्रथिन) तपासतात. छातीवर दाब, घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ अशा तक्रारी असतील तर ‘नॉर्मल’ हा छापील शब्द खिशात ठेवून घरी बसू नये, ताबडतोब आपत्कालीन विभाग गाठावा.

प्रश्न : एसटी किती मिलिमीटर वर गेला म्हणजे हार्ट अटॅक समजायचा? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो. (निवासी डॉक्टर)

उत्तर : आकडे वेगळे आहेत, कारण लीड, वय आणि लिंग वेगळे आहेत. मोजणी जे बिंदूवर, म्हणजे क्यूआरएस संपून एसटी सुरू होतो त्या ठिकाणी करायची. शेजारच्या किमान दोन लीडमध्ये एक मिलिमीटर ही सर्वसाधारण मर्यादा आहे. व्ही दोन आणि व्ही तीनमध्ये मात्र चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांसाठी दोन, त्याहून तरुण पुरुषांसाठी अडीच आणि स्त्रियांसाठी दीड मिलिमीटर धरतात. तरुण पुरुषांत तिथे एसटी मुळातच थोडा उचललेला असतो.

तरीही मी विद्यार्थ्यांना आकड्याआधी ‘शेजारी कोण?’ हे विचारतो. लीड दोन, तीन आणि एव्हीएफ हृदयाच्या खालच्या भिंतीकडे पाहतात, व्ही एक ते व्ही चार पुढच्या भिंतीकडे, तर लीड एक, एव्हीएल, व्ही पाच आणि व्ही सहा बाजूच्या भिंतीकडे. रक्तवाहिनी बंद पडते तेव्हा एका भिंतीचे लीड एकत्र उठतात आणि समोरच्या बाजूचे बऱ्याचदा दबतात. लीड तीनमध्ये एसटी वर आणि एव्हीएलमध्ये खाली, ही जोडी मला एकट्या दोन मिलिमीटरपेक्षा अधिक बोलकी वाटते. हृदयाच्या आवरणाला सूज आली असेल तर भिंतींची हद्द न पाळता जवळपास सगळेच लीड उठतात, एव्हीआर वगळता समोरची बाजू दबत नाही, आणि पीआरचा, म्हणजे पी लहर आणि क्यूआरएस यांमधला, भाग बेसलाइनखाली झुकलेला आढळतो. एक मिलिमीटर भरत नाही म्हणून रुग्णाला परत पाठवू नका. दहा मिनिटांनी पुन्हा कागद काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा.

प्रश्न : मनगटी घड्याळातला ईसीजी विश्वासार्ह असतो का?

उत्तर : लय तपासण्यापुरता, होय. तो एकाच लीडचा, लीड एकसारखा आलेख असतो. एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची विस्कळीत, अनियमित लय) पकडायला तो उपयोगी पडतो, आणि खात्री पूर्ण ईसीजीनेच होते. हार्ट अटॅक ओळखण्यासाठी त्याचा उपयोग नाही, कारण बाकीच्या भिंतींकडे पाहणारे लीडच त्यात नाहीत.

प्रश्न : हार्ट ब्लॉकच्या (वरच्या कप्प्यांतून खाली येणारे विद्युत वहन अडण्याच्या) दुसऱ्या श्रेणीचे दोन प्रकार मी दर वेळी उलटसुलट करतो. लक्षात ठेवण्याची काही युक्ती आहे का?

उत्तर : युक्ती नको, कर्कटक हवा. डच वैद्य वेंकेबाख यांनी पहिल्या प्रकाराचे वर्णन १८९९ मध्ये केले, म्हणजे आइंटहोवेन यांचा गॅल्व्हनोमीटर येण्यापूर्वी. त्यांच्यासमोर ईसीजीचा कागद नव्हता, नाडीच्या नोंदी होत्या, आणि ठोक्यांमधली अंतरे मोजून त्यांनी तो क्रम शोधला. तुमच्या हातात पी लहरसुद्धा आहे, तेव्हा तुमचे काम सोपे आहे.

गळालेला ठोका शोधा, म्हणजे पी लहर आहे पण तिच्यामागे क्यूआरएस नाही अशी जागा. मग फक्त दोन पीआर अंतरे (पी लहरीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंतची) मोजा, गळण्याच्या लगेच आधीचे आणि लगेच नंतरचे. समजा आधीचे ०.३२ सेकंद आणि नंतरचे ०.२० सेकंद आले. म्हणजे पीआर हळूहळू लांबत गेला, एक ठोका गळाला आणि विश्रांतीनंतर वहन पुन्हा ताजे झाले. हा वेंकेबाखचा प्रकार, बहुधा एव्ही नोड या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या दुव्यातला आणि बऱ्याचदा निरुपद्रवी. दोन्ही अंतरे सारखीच आली तर ठोका पूर्वसूचनेशिवाय गळाला आहे. तो दुसरा प्रकार, मोबिट्झ दोन. त्यातला बिघाड नोडच्या खाली असतो, क्यूआरएस बहुधा रुंद असतो आणि पेसमेकरचा विचार करावा लागतो. लांबत जाणाऱ्या सगळ्या पीआरची शिडी मोजत बसण्याची गरज नाही, कारण मधल्या पायऱ्यांतला फरक इतका थोडा असतो की डोळा फसतो.

एक अडचण मात्र उरते. प्रत्येक दुसरा ठोका गळत असेल तर लागोपाठ दोन पीआर मिळतच नाहीत आणि तुलना करता येत नाही. तेव्हा कागदावर कोणत्याही प्रकाराचे नाव न लिहिता ‘दोनास एक वहन’ एवढेच लिहा आणि लीड दोनची लांब पट्टी काढायला सांगा; कुठे तरी लागोपाठ दोन ठोके खाली उतरलेले सापडले, तर तिथे कर्कटक लावता येतो.