समांतर इतिहासाच्या कथेत करवीर दरबार जगाचा नकाशा काढतोय. देशांना नवी नावं कशी द्यावीत?

दरबाराला तो देश आधी कुठून कळला, हे सगळ्यात आधी ठरवा. खऱ्या जगातही असंच झालंय. फिनलंडचे लोक जर्मनीला साक्सा म्हणतात, कारण त्यांची ओळख सॅक्सन लोकांशी झाली. फ्रेंचांनी आपल्या शेजारच्या आलेमानी टोळीचं नाव अख्ख्या जर्मनीला दिलं. तुमच्या कथेत कोल्हापूरचा माल घाट उतरून राजापूर बंदरातून जात असेल, तर पलीकडचं ओळखीचं बंदर मस्कत. मग सगळ्या ओमानला 'मस्कतपट्टी' म्हणणं अगदी पटतं.

जे देश फक्त ऐकून माहीत, त्यांचं एकच ठळक लक्षण घ्या. थडी म्हणजे नदीकाठ; इजिप्तला 'नीलथडी' छान बसेल, भीमथडीसारखं. दोन-तीन लक्षणं कोंबलीत की 'महावनप्रदेश'सारखं सरकारी कागदावरचं नाव होतं, ते कुणाच्या तोंडी बसत नाही. -पूर, -वाडी गावांसाठीच ठेवा. देशांना -थडी, -पट्टी, -देश.

शेवटी प्रत्यय लावून मोठ्यानं म्हणा: नीलथडीला, नीलथडीचा, नीलथडीकर. जीभ अडली तर नाव बदला. शिवाय सगळीच नावं शुद्ध मराठी नकोत. चार-पाच अरबी-फारसी वळणाची ठेवा, दरबारी कागदांत ती भाषा मुरलेली होतीच.