सात घरं, सात दुपारी

मेलबर्नहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय:

‘ताई, एप्रिलमधल्या शाळेच्या सुट्टीत आम्ही चौघं येतोय. मुंबईहून सागरी रस्त्याने थेट मालवणपर्यंत जायचं ठरवलंय. वाटेत सात नातेवाइकांकडे जायचंच आहे, सासूबाईंनी यादी पाठवली आहे. प्रत्येकाकडे जेवणापुरतं तासभर थांबून लगेच पुढचं ठिकाण गाठायचं, असं मी एक्सेलमध्ये बसवलंय. पण मुलं (नऊ आणि तेरा) आत्ताच कुरकुरताहेत. शिवाय पाण्याचं काय करायचं, गाडी आम्हीच चालवावी का, भेटवस्तू काय न्याव्यात आणि परत येताना हापूस आणता येईल का?’

एक्सेल नीट पाहिलं. रंगबिंग छान दिलेत. पण पहिल्याच दिवशीची ओळ वाचून मी कपाळावर हात मारला: ‘दु. १ ते २ आत्या (नांदगाव), जेवण. दु. २.३० जंजिरा.’ अहो, एप्रिलमधले अडीच वाजलेत! राजपुरीला उन्हात होडीची वाट बघायची, मग त्या तापलेल्या तटावरून नऊ वर्षांच्या मुलाला फिरवत तोफा दाखवायच्या. तो कुरकुरणार नाही तर काय करेल? आणि आत्यांचं काय? त्या पहाटे उठून नारळ खवणार, मोदकांची उकड काढणार, आणि तुम्ही हात धुऊन नमस्कार करून दोन वाजता गाडीत बसणार. मोठं माणूस तोंडाने ‘बरं, सावकाश जा’ म्हणतं. मनात काय म्हणतं ते तुमच्या सासूबाईंना विचारा.

आता माझं ऐका. कोकणात उन्हाळ्यात दिवसाचे तीन तुकडे करायचे. सकाळी सात ते अकरा बघायची ठिकाणं. पाचनंतर समुद्र. आणि मधली सगळी दुपार, साडेअकरा ते साडेचार, कोणाच्या तरी घरी. जेवणापुरती नव्हे, झोपेसकट! सात घरं म्हणजे सात दुपारी. तुमच्या यादीला अडचण समजू नका, उन्हातला निवारा सासूबाईंनी आयता काढून दिलाय.

तुम्ही म्हणाल, मुलं दुपारभर करतील काय? ऑस्ट्रेलियात राहून आपण दुपार विसरलोच आहोत. आपली दुपार म्हणजे ऑफिसातलं सँडविच. माझ्या सासरचं घर आंजर्ल्याला आहे. जेवणं झाली की माजघरात चटया पडतात, मोठी माणसं घोरायला लागतात आणि घर पोरांच्या ताब्यात जातं. माझ्या लेकीला तिथे झब्बू आला, मेंढीकोट आला, अढीतला आंबा न दाबता नुसत्या वासाने ओळखायला आला. यातलं मी काहीच शिकवलेलं नाही. मी झोपले होते. पर्थच्या आमच्या घरी ‘आय ॲम बोर्ड’ म्हणणारी हीच मुलगी फणसाचे गरे काढताना हाताला तेल लावायला चुलत भावाला बजावत होती. तुमच्या तेरा वर्षांच्या लेकाच्या फोनला काही गावांत रेंज मिळणार नाही. ही मी सोयच धरते.

आणि चारच्या चहाला जे बोलणं निघतं ते जेवणाच्या पंगतीत कधीच निघत नाही. जेवताना सगळे ‘अजून घ्या’त अडकलेले असतात. आमच्या चुलतसासऱ्यांनी गिरणीतल्या संपाच्या वर्षाची, १९८२ची, सगळी हकीकत मुलांना सांगितली ती अशाच एका चहाला. घरातल्या कोणालाच ती तोवर माहीत नव्हती.

रात्री मात्र नातेवाइकांकडे राहू नका. यावर मला रागाची पत्रं येतात, येऊ देत. रात्र म्हटली की गाद्या, मच्छरदाण्या, बाथरूमसमोर रांग, आणि ‘मुलांना एसी लागतो का हो?’ म्हणून सत्तरीच्या बाईची धावपळ. रात्री होम-स्टेला जा. दुपारच्या झोपेला एक चटई आणि पंखा पुरतो.

बसवून दाखवते. वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ती सकाळी सातच्या सुमाराला आणि संध्याकाळी. हंगाम एप्रिलमध्ये संपत आलेला असतो, म्हणून आधी फोन करून विचारा. आदल्या रात्री वेळासलाच राहा, सकाळची पिल्लं बघा आणि अकरापर्यंत केळशीला तुमच्या काकांकडे पोचा. उन्हं उतरली की कड्यावरचा गणपती, मग हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव. तिथे काका-काकूंनाही गाडीत घाला! आमच्या काकूंनी सुवर्णदुर्ग जन्मभर किनाऱ्यावरूनच बघितला होता. आम्ही होडीत बसवलं तेव्हा त्या मुलांपेक्षा जास्त ओरडल्या. तुमच्या आत्यांना जंजिऱ्याला न्या, पण सकाळी.

नकाशावरच्या किलोमीटरांवर मात्र विसंबू नका. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या फेरीबोटींत गाडी चढवून खाडी ओलांडायची, मध्ये अरुंद वळणं. चाळीस किलोमीटरला दीड तास सहज जातो. आणि भर बाराला जेट्टीवर रांगेत उभं राहणं टाळा, कारण मी वर सांगितलंच.

बाकीचं पटकन. पाणी बाटलीचं किंवा उकळलेलं, उसाच्या रसात बर्फ नको. गाडी ड्रायव्हरसकट घ्या. स्वतः चालवायचीच असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, पण तुमच्या नवऱ्याला मेलबर्नच्या शिस्तीची सवय, घाटात समोरून एसटी आली की काय होईल ते मला सांगायला लावू नका. ड्रायव्हरलाही दुपारी जेवून आडवं होऊ द्या. भेट म्हणून चॉकलेट नेऊ नका, वितळतं. आत्यांना चांगला टॉर्च न्या, वीज जातेच.

हापूस तिकडे आणता येणार नाही. ताजी फळं ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर अडवतात, आणि लपवून आणली तर दंड होतो. आंबापोळीही न्यायची असेल तर ऑस्ट्रेलियात उतरताना भरायच्या प्रवासी कार्डावर लिहा आणि अधिकाऱ्याला दाखवा. आंबे काय ते केळशीतच पोटभर खाऊन घ्या.